चौथी खुंटी

१

गाडीत कुणीही नव्हतं आणि गाडीने माणूस मारला. म्हणून फौजदारांनी ड्रायव्हरला धरलं. ड्रायव्हर त्या वेळी केळव्याच्या वाटेवर पायी चालला होता, पण कोठडीत घालायला कुणीतरी लागतंच ना!

मी पालघरच्या कोर्टात वकिली करतो. नाव चुरी. माझं तोंड कडू आहे असं लोक म्हणतात. असेल. जन्मभर दुसऱ्यांच्या खोट्या साक्षी ऐकल्यावर कुणाचं गोड राहील?

भागी आली तेव्हा मी जेवायला बसत होतो. पायरीखालीच उभी राहिली, ओसरीवर यायला तयार नाही.

"सायेब, माजा नवरा कोठडीत हाय. भिका. त्यानं काय नाय केलं."

"कोठडीतल्या कुणीच काही केलेलं नसतं," मी म्हणालो. "आधी वर ये. उन्हात उभी राहून मला पाप लावू नकोस."

ती आली, पण कडेलाच टेकली. हळूहळू तिच्याकडून सगळं काढून घेतलं. एडवणच्या मच्छीमारांनी सोसायटी काढली होती आणि उन्हाळ्यात नवीकोरी पिकअप आणली होती. पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा. बर्फातली मासळी पालघर स्टेशनवर पोचवायची, एवढंच तिचं काम. ती चालवायला भिका. डोंगरातला वारली. तारापूरला वीजकेंद्राचं मोठं काम निघालं तेव्हा बोईसरला आधी माती वाहिली, मग मातीच्या लॉऱ्यांवर क्लीनर म्हणून लागला, भय्या ड्रायव्हरांच्या शिव्या खात गाडी शिकला आणि लायसन काढून मोकळा झाला. त्यांच्या पाड्यावर लायसन असलेला तो पहिलाच माणूस.

नारळी पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी होडीमालक एकनाथ तांडेलाचा एकुलता एक मुलगा आनंदा पिकअपपाशी गेला आणि समोर उभा राहून इंजिन सुरू करायला त्याने बंपरखालून लोखंडी हँडल फिरवलं. गाडी सुरू झाली ती थेट त्याच्या अंगावरच आली. उतारावरून त्याला रेटत नेलं आणि समोरच्या ताडावर चेपलं. पोरगा जागीच गेला.

फौजदारांचा हिशेब सरळ होता. पौर्णिमेच्या संध्याकाळी गाडी लावली भिकाने, गिअरमध्ये ठेवली भिकाने, म्हणून हलगर्जीपणा भिकाचा. जामीन मिळत होता, पण वारल्याला जामीन राहणार कोण? आणि वकिलाने अशिलाचा जामीन राहायचं नसतं, नाहीतर मीच राहिलो असतो.

"दोन वर्सं घालतील बोलले," भागी म्हणाली. "लायसन पन जाईल. लायसन गेलं तर तो परत माती वाहील, सायेब. आता नाय वाहवनार त्याच्यानं."

मी पानावरून उठलोच होतो. तिने पदर सावरला आणि जाता जाता म्हणाली, "एक सांगायचं र्‍हायलं. त्या गाडीत चार खुंट्या हायेत. तीन कशाच्या ते भिकाला ठावं हाय. चौथी कशाची ते कोनालाच ठावं नाय. आनंदा मेला तवा ती बाहेर वढलेली व्हती."

२

पिकअप ठाण्याच्या आवारात उभी होती. पुढचा बंपर वाकलेला, बाकी नवी नवरी. मी आत चढलो.

स्टिअरिंगच्या बाजूला ओढायच्या चार काळ्या खुंट्या होत्या. तिघींखाली इंग्रजी अक्षरं कोरलेली. एक दिव्याची, एक पावसात काच पुसायची, एक डिझेल इंजिन बंद करायची. चौथीखाली काही नाही. बोट लावून पाहिलं, खरवडल्याचीही खूण नव्हती. गाडी देणाऱ्यांनीच तिला नाव दिलं नव्हतं.

गाडी बंद असताना ती ओढली. आली बाहेर, जिथे सोडली तिथे राहिली. झालं काहीच नाही. ढकलली तर गेली आत.

कोठडीच्या गजाशी भिका उकिडवा बसला होता.

"ही चौथी खुंटी कशाची रे?"

"ठावं नाय, सायेब. आमच्या लॉऱ्यांना नव्हती. मी तिला टॉवेल लावायचो." तो क्षणभर हसला. "गावात लई वाद झाले तिच्यावर. कोन बोलला रेडिओ बसवायची जागा हाय. कोन बोलला सायबांच्या बिडीसाठी. गोदूबाय बोलली, गाडी बुडाया लागली तर वढायची. पुनवेला बायांनी गाडीची पूजा केली नि तिलाच हार घातला."

"गाडी कशी लावतोस तू?"

"गिअर काढून. हातब्रेक वढून. नि पुढच्या चाकांना दगड. उतार हाय ना तिकडं."

"आणि हँडल का मारायला लागत होतं नव्या गाडीला?"

"पुनवेला लाउडस्पीकर लावला ना बंदरावर! त्याला बॅटरी गाडीतली घेतली. रातभर गानी वाजवली नि बॅटरी बसली. ती पालघरात चार्जिंगला."

आता फौजदारसाहेब. माणूस वाईट नव्हता, पण उरकून टाकायची घाई दांडगी. मी विचारलं, तुम्ही गेलात तेव्हा केबिनमध्ये काय काय होतं?

"गिअर टाकलेला. हातब्रेक खाली. दगड चाकांपासून दूर. ती खुंटी पूर्ण बाहेर. हार काचेपुढे ठेवलेला."

"हार पडलेला की ठेवलेला?"

"नीट गोल करून ठेवलेला. बरं, मग?"

"मग चारी गोष्टी भिका विसरला असं तुमचं म्हणणं?"

"हलगर्जी माणूस विसरतोच, चुरीसाहेब."

एव्हाना बॅटरी परत येऊन गाडीत बसली होती. मी हट्टच धरला, गाडी सुरू करा. ठाण्याचा ड्रायव्हर कुरकुरत चढला, गिअर काढला आणि सेल्फ मारला. इंजिन मऊ पुटपुटत चालू राहिलं.

"पाय काढ खालून. दोन्ही वर घे."

त्याने घेतले. मी खिडकीतून हात घातला आणि चौथी खुंटी ओढली.

इंजिन असं किंचाळलं की ड्रायव्हर दार उघडून खाली उडी टाकून मोकळा. कुणाचा पाय नाही, कुणाचा हात नाही, आणि इंजिन फुल रेसवर! म्हणजे चौथी खुंटी पायाशिवाय रेस लावून ठेवायची होती. ठाण्यातले सगळे बाहेर धावले. भिकाही गजाला धरून उभा राहिला होता. त्याचं तोंड उघडंच होतं.

त्याला खरंच माहीत नव्हतं. पण कुणाला तरी माहीत होतं.

३

एडवणला गेलो तेव्हा ओहोटी लागलेली होती आणि सुक्या बोंबलाच्या वासाने डोकं उठलं होतं. सोसायटीच्या पडवीत चेअरमन दामू मेहेर पान लावत बसले होते. माणूस गोड बोलणारा. अशांचा मला पहिल्यापासून राग येतो.

"भिका पोरगा चांगला होता हो, चुरीसाहेब. पन चूक ती चूक."

"गाडीची चावी कुठे असते?"

"ही काय, देवाच्या फोटोमागं खिळ्यावर. कोनी चोरत नाय इथं."

"त्या दिवशी पहाटे भिकाला कुठे धाडलंत?"

"माहीमला, केळव्याच्या पुढं. बर्फाचा निरोप घेऊन."

"काय निरोप?"

"बर्फ तयार ठेवा म्हनून."

"बर्फ आणायला पिकअप रोजच जाते. तिथे रोजच तयार असतो. मग उजाडायच्या आत माणूस पायी पिटाळून सांगायचं काय होतं?"

दामूशेठच्या बोटांत चुना तसाच राहिला. समोरचा गप्प झाला की आपण त्याहून गप्प व्हायचं, एवढीच काय ती माझी वकिली.

"पोरं चिडवत व्हती मला," शेवटी ते म्हणाले. "मासली आमची, गाडी आमची, नि डायवर डोंगरातला? एकनाथ तांडेल तर माझ्या डोक्यावर बसला व्हता. आनंदाला गाडी येते बोलला. मी बोललो, कमिटीसमोर भरलेली गाडी चालवून दाखव, त्याच दिशी भिकाला काढतो. त्या सकाली तेच ठरलं व्हतं. भिका समोर नको, म्हनून त्याला धाडला."

"हे फौजदारांना सांगितलंत?"

"कमिटीचं नाव कशाला उगाच..."

"वा! कमिटीचं नाव राहिलं, भिका गेला. आनंदाला गाडी शिकवली कुणी?"

"ते ठावं नाय. कुठंतरी शिकला."

हा प्रश्न मी गावात आणखी चौघांना विचारला. सगळ्यांचं उत्तर तेच, कुठंतरी.

गोदूबाई मासळीची पाटी उतरवून बसली होती. त्या सकाळी गाडीपासून सगळ्यात जवळ तीच होती. बाई बोलायला लागली की थांबत नाही, पण डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगते. अशी साक्ष मला आयुष्यात दोनदाच मिळाली असेल.

"आनंदा नवा सदरा घालून आला. कमिटीवाले हसत व्हते. त्यानं खिडकीतनं हात घालून चावी फिरवली नि पुढं गेला. हँडलचा एक दांडा मारला, आनि गाडी बोंबलली नि धावली रे देवा!"

"आत चढला होता तो? गिअर बघायला?"

"नाय ओ. आत डोकावला पन नाय. फक्त हात घातला."

"दगड त्याने काढले?"

"दगड आदीच बाजूला व्हते."

मी तिथेच वाळूत फतकल मारून बसलो. पोराने गिअर टाकला नाही, ब्रेक सोडला नाही, खुंटी ओढली नाही, दगड हलवले नाहीत. भिका अंधारातच गावाबाहेर गेला होता. म्हणजे भिका गेल्यावर आणि आनंदा येण्याआधी कुणीतरी त्या केबिनमध्ये बसून गेलं होतं. आणि त्या माणसाने देवाचा हार आधी उतरवून नीट ठेवला होता.

घातपात करणारा माणूस हार गोल करून ठेवतो?

४

एकनाथ तांडेलाचं घर गाडी लावायच्या उतारावरच, वरच्या अंगाला. अंगणात त्याची बायको हंसाबाई जाळं पसरून बसली होती. जाळ्याला हात लागत नव्हता, नुसती बसली होती.

"ते होडीवर हायेत," मी काही विचारायच्या आत ती म्हणाली. "मशीन दुरुस्त करून आनलंय, ते बघतायत. आनि मी त्या सकाली झोपलेली व्हते. मला काय ठावं नाय."

मी तिला त्या सकाळचं विचारलंच नव्हतं. ऐन हंगामात बंदरावरची बाई, मुलाचा एवढा मोठा दिवस, आणि ती झोपलेली? मी मान हलवली आणि खाली गेलो.

भरती चढत होती. एकनाथ कमरेइतक्या पाण्यात होडीला हात लावून उभा होता. हाडापेराने मोठा, पण दोन आठवड्यांत गळून गेलेला. सरकारी मदतीतून होडीला मशीन बसवणारा गावातला पहिला तांडेल तोच. त्याआधी सगळं शिडावर.

"तांडेल, वाईट झालं," मी म्हणालो. मनापासून म्हणालो. मुलगा गेलेल्या माणसासमोर वकिली सुचत नाही. "एकच विचारतो. त्या गाडीतली चौथी खुंटी कशाची, तुम्हाला माहीत होतं?"

"मला मोटारीतलं काय कलतं, वकीलसाहेब? आमी दर्यातली मानसं."

"पालघरला मासळी घेऊन जाताना भिकाशेजारी तुम्हीच बसायचात ना?"

"बसायचो. तो चालवायचा, मी झोपायचो."

एवढं बोलून तो होडीत चढला. मला टाळण्यासाठीच चढला, हे आंधळ्यालाही कळलं असतं. मी धोतर वर खोचून गुडघाभर पाण्यात तसाच उभा राहिलो.

त्याने वाकून नांगराचा दोर सोडला. मशीनच्या अंगाला एक तार होती, तिच्या टोकाला बाभळीची लाकडी खुंटी बांधलेली. ती त्याने ओढली आणि खाचेत अडकवली. मग हँडल घातलं, अंगातला सगळा राग काढल्यासारखं गरकन फिरवलं, आणि एका दांड्यात मशीन धडधडलं. ते धडधडलं त्याच क्षणी होडी माझ्यासमोरून निघाली. गिअर नाही, काही नाही. मशीन सुरू म्हणजे पंखा फिरतोय, आणि पंखा फिरतोय म्हणजे होडी चाललीय. एकनाथ हँडल हातात घेऊन उभाच होता आणि होडीबरोबर पुढे चालला होता.

मी पाण्यातून बाहेर आलो. चौथी खुंटी कुणी ओढली ते मला कळलं होतं. देवाशप्पथ, कळलं नसतं तर बरं झालं असतं.

५

खाडीत एक फेरी मारून तो परत आला. मी तिथेच होतो. त्याने मला पाहिलं आणि नांगर टाकायचं विसरून तसाच पाण्यात उतरला.

"बसा, तांडेल," मी म्हणालो. "मी सांगतो, चुकलं तर थांबवा."

तो बसला नाही. मी सांगत गेलो.

"फौजदार म्हणतात हलगर्जीपणा. मी ते ऐकलं तेव्हाच मला पटेना. हलगर्जी माणूस एखादी गोष्ट विसरतो. इथे कुणी काहीच विसरलं नव्हतं. दगड काढले, ब्रेक सोडला, गिअर टाकला, रेस लावली. निघायची पुरी तयारी. ही कुणाची सवय? मोटारवाला गिअर काढून गाडी सुरू करतो, मग बसून गिअर टाकतो. सुरू व्हायच्या आधी रेस लावून, चालत्या दशेत यंत्र तयार ठेवतो तो होडीवाला. आणि मशीनची होडी इथे पहिली कुणाची?"

तो लाटांकडे बघत होता.

"त्या खुंटीवर गाव वाद घालत होता. तुम्ही गप्प होतात, कारण तुम्ही पहिल्या दिवशीच ओळखली होतीत. तुमच्याही मशीनला तशीच आहे. आणि आनंदाने आत डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. कमिटी समोर उभी, नोकरी पणाला, आणि पोरगा गिअरसुद्धा बघत नाही? कुणीतरी त्याला सांगितलं होतं की सगळं तयार आहे. कुणाच्या सांगण्यावर तो इतका विसंबेल?"

"थांबा," एकनाथ म्हणाला.

मग बोलला ते माझ्याशी नाही, होडीच्या फळीशी.

"पोर घाबरला व्हता. रातभर झोपला नाय. बोलला, बाबा, बॅटरी नाय, लोकांसमोर पाच-पाच दांडे मारून गाडी चालू नाय झाली तर हसतील. मी बोललो, तू झोप, मी बघतो. भिका गेला तसा मी गेलो. हार काढला, पाया पडलो. खुंटी वढली. सगलं केलं. घरी येऊन त्याला बोललो, एक दांडा मार नि नीघ, पोरा. एकच दांडा. बघ कशी चालते."

तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला.

"होडीत दांडा मारनारा होडीबरोबरच जातो, वकीलसाहेब. त्याच्या पुढं काय येतं? पानी. जन्मभर तेच केलं. मोटारीत दांडा मारनारा मोटारीच्या पुढं उभा असतो, हे माझ्या डोक्यातच नाय आलं ओ! रोज भिकाला बघत व्हतो सेल्फ मारताना. दांडा मारताना कधी बघितलाच नाय."

पुढचं मला विचारावंच लागलं, कारण ते विचारल्याशिवाय माझा माणूस सुटणार नव्हता.

"आणि भिकाला धरला तेव्हा?"

"तवा बोललो असतो तर हंसाला कललं असतं. पोर मेला ते तिनं कसंतरी सोसलं. बापानं मारला हे कसं सोसेल? भिका दोन वर्सांनी सुटेल. हंसा कशी सुटेल?"

"मला ठावं हाय."

हंसाबाई मागे उभी होती. कधी आली, कळलंच नव्हतं.

"पहिल्या दिसापासनं ठावं हाय. अंगनातनं गाडी दिसते. तू पाया पडलास ते पन बघितलं मी. मी हसले व्हते तवा." ती नवऱ्याकडे बघत नव्हती. "मी बोलले असते तर तू होडी घेऊन गेला असतास नि परत आला नसतास. म्हनून मी झोपलेली व्हते."

एकनाथ मटकन खाली पाण्यातच बसला.

आणि मला राग आला. येऊ नये तेव्हा आला, पण आला. "छान!" मी ओरडलो. "तुम्ही तिला जपलंत, तिने तुम्हाला जपलं, दामूशेठने कमिटीला जपलं. आणि कोठडीतल्या माणसाला? त्याची बायको माझ्या पायरीवर बसून रडते, तिला कुणी जपायचं? डोंगरातला आहे म्हणून तो तुमच्या हिशेबातच नाही?"

हंसाबाईने पाण्यात उतरून होडीची कड धरली.

"कोर्टात याल?" मी शेवटी विचारलं.

एकनाथने तोंड दोन्ही हातांनी झाकलं होतं. हंसाबाई म्हणाली, "येतील. मी आनीन."

६

तिने आणलं. त्याचा दंड धरून, आजारी माणसाला आणावं तसं आणलं. पिंजऱ्यात उभा राहून एकनाथने सगळं सांगितलं आणि एकदाही आवाज चढवला नाही. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. गोदूबाईचं झालं, ठाण्याच्या ड्रायव्हरचं झालं. भिकाला सोडलं. एकनाथचं काय करायचं ते फौजदार बघणार होते, आणि पहिल्यांदाच त्यांना कसली घाई दिसली नाही.

जिंकलो म्हणायचं. बाहेर आलो तर दामूशेठ आडोशाला घेऊन म्हणाले, "कमिटीचं ठरलं. गाडी आता माझा पुतन्या चालवील. भिकाबद्दल काय नाय ओ, पन बंदरावर लोकांना ते बरं नाय वाटनार. समजून घ्या."

"समजलं," मी म्हणालो. "आता माझ्यासमोरून जा, नाहीतर माझ्या तोंडून काहीतरी जाईल."

कोर्टाच्या पायऱ्यांवर एकनाथ भिकाच्या पाया पडायला वाकला. भिकाने पाय मागे घेतले आणि त्याला दोन्ही खांद्यांना धरून उभा केला. हंसाबाईने पदर तोंडाला लावला आणि नवऱ्याला घेऊन एडवणच्या वाटेला लागली. भागी फाटकापाशी उभी होती. नवऱ्याचं लायसन तिने पदरात बांधलं होतं, गाठ पुन्हा पुन्हा चाचपून बघत होती.

"चल," मी भिकाला म्हणालो. "बोईसरला लॉऱ्या आहेत अजून. मी एका कंत्राटदाराला ओळखतो. जा घरी, वाट बघतेय ती."

तो हलला नाही.

"सायेब, तुमी गावात विचारत व्हता, आनंदाला गाडी कोनी शिकवली."

"मग?"

"मी शिकवली. पालघरहून रिकामी येताना, सुरूच्या बागेमागं. कोनाला सांगू नको बोलला, मी वचन दिलं. कोठडीत पन नाय सांगितलं."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. "अरे, त्याला आली तर तुझीच नोकरी जाणार, हे कळत नव्हतं तुला?"

"कलत व्हतं. त्यानंच सांगितलं पहिल्या दिशी. बोलला, भिका, बाबा माझ्या मागं लागलाय, मला नको तुझी गाडी, पन मला शिकव. पोर चांगला व्हता, सायेब. त्या गावात माझ्याबरोबर एका ताटात जेवनारा तेवढाच."

त्याने मान खाली घातली.

"गिअर शिकवला. ब्रेक शिकवला. उलटी घ्यायला शिकवली. दांडा नाय शिकवला. गाडीला सेल्फ व्हता ना, गरजच नाय पडली. दांडा मारायच्या आदी गिअर हलवून बघायचा, बाप बोलला तरी बघायचा, हे सांगायचं र्‍हायलं. मंग कोर्टातले सायेब मला सोडला असं कसं बोलले?"

मी त्याच्यावर ओरडलो, की मूर्खा, सुटलास ना, मग जा की घरी, उभा काय राहिलास! कोर्टाच्या आवारातली माणसं वळून बघायला लागली. भिका मुकाट्याने पायऱ्या उतरला, आणि भागीने त्याला हात लावताच भर दुपारी, फाटकातच, हंबरडा फोडून रडला.